जत्रेच्या आठवड्यात मोजलेलं गाव

कामाच्या आठवणी लिहायच्या तर माणूस निवृत्त असावा लागतो, असं संपादक फोनवर हसत म्हणाले. मी एकतीस वर्षांची आहे. पण माझ्या आधी माझं कामच निवृत्त झालं, तेव्हा लिहायला मी मोकळी आहे.

काम काय, ते आधी सांगते. सांगलीत एक छोटं संशोधन केंद्र होतं. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं आणि दाराबाहेर ‘सामाजिक शास्त्रे’ असे शब्द असलेली पाटी. पाटी वाचून लोक आत डोकवायचे आणि रेशनकार्डाचं काम इथं होतं का म्हणून विचारायचे. तिथं मी नऊ वर्षं होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या गावांत दारोदार जायचं, घरात कोण कोण, जमीन किती, पाणी कुठनं आणता, पोरगी कितवीपर्यंत शिकली, कामाला कोण कुठं जातं, हे विचारायचं आणि कागदावर उतरवायचं. गावात मला ‘फॉर्मवाली बाई’ म्हणायचे. समाजशास्त्र म्हटलं की लोकांना जाड पुस्तकं आठवतात. त्या प्रत्येक पुस्तकाच्या तळाशी कुणाच्या तरी झिजलेल्या चपला असतात. त्या कुणाचं नाव पुस्तकात येत नाही. आलंच तर शेवटी आभारात येतं, तेही चुकीचं छापून.

मी आले चळवळीतून. तासगावला कॉलेजात असताना पत्रकं लिहायचे. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत शत्रू, तिसऱ्या ओळीत मोर्चाची वेळ. या शिस्तीत तयार झालेली मुलगी केंद्राचे प्रमुख करंदीकर सर यांच्या पुढ्यात पहिल्या महिन्याचे फॉर्म घेऊन उभी राहिली. सर वाईचे, सत्तरी ओलांडलेले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी सगळे फॉर्म वाचले. चष्मा काढला.

“तू विचारतेस कसं, ते जरा करून दाखव.”

मी दाखवलं. “ताई, हुंडा वाईटच, नाही का?”

“हा प्रश्न आहे?”

“मग काय आहे?”

“घोषणा आहे. अगं, चाळीस घरं फिरलीस आणि चाळीसही फॉर्ममधून एकच बाई बोलते आहे. तिला मी ओळखतो. ती रोज सकाळी साडेदहाला ऑफिसात येते.”

चाळीस घरं मला पुन्हा करायला लावली. मला इतका राग आला होता की राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. पण दुसऱ्या फेरीत मी गप्प बसायला शिकले, आणि गप्प बसल्यावर बायका बोलायला लागल्या. ज्या बाईनं पहिल्यांदा “व्हय, वाईटच की” एवढं म्हणून मला वाटेला लावलं होतं, तिनंच दुसऱ्यांदा स्वतःच्या लग्नात काय काय दिलं ते भांड्यांसकट सांगितलं, आणि वर म्हणाली, “मागल्या टायमाला तुमी घाईत हुता.”

या कामात नमुने भेटतात. कोरेगावच्या बाजूला एका निवृत्त हवालदारांनी मी आले म्हटल्यावर अख्खं घर ओसरीवर वयाच्या क्रमानं उभं केलं. “गिनती कर लो,” म्हणाले. मी म्हटलं, “काका, मला सूनबाईंना चार प्रश्न विचारायचेत.” “विचारा. उत्तर मी देतो.” मी विचारलं, घरातले निर्णय कोण घेतं? ते म्हणाले, “सगळे मिळून.” रांगेतली सून जमिनीकडं बघत म्हणाली, “लिवा, सगळे मिळून. मामंजींनी सांगितलंय तसं.” रांग हसली. हवालदारही हसले, पण रांग मोडली नाही. या उत्तरासाठी फॉर्मवर जागा नव्हती. मी ते शेवटी, ‘शेरा’ नावाच्या रकान्यात लिहिलं. शेरा म्हणजे कुठंच न बसणारं जे असेल ते. हा रकाना भरतात सगळे. मोजत कुणी नाही.

शिरवळच्या कारखान्यांच्या गेटवर तर उलट. तिथं कंत्राटावरची पोरं प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन बस पकडायची. “कंपनी कुठली?” म्हटलं तर गळ्यातलं ओळखपत्र उलटंपालटं करून म्हणायची, “कार्डावर एक हाय, गेटवर दुसरी हाय. कुठली लिवताय?”

एसटीत सर शेजारी बसले की शास्त्राचा इतिहास सांगायचे. वर्गात कुणी शिकवला नसेल इतका चांगला. युरोपात कारखाने आले, गावातली माणसं शहरात येऊन एकेका खोलीत दहा दहा राहू लागली, जुनं मोडलं आणि नवं कळेना. तेव्हा काही लोकांना वाटलं की ग्रहताऱ्यांचे नियम सापडतात तसे माणसांच्या एकत्र राहण्याचेही सापडतील. त्यातून हे शास्त्र आलं. आपल्याकडं ते साहेबाच्या घोड्यावरून आलं. साहेबाला सारा वसूल करायचा होता, त्यासाठी कोण कुठं राहतं, कुठल्या जातीचं, कुणाच्या हाताला काय कसब, याच्या याद्या झाल्या. एखादी जमात मुळातच चोर, असंही त्यानं कागदावर लिहून टाकलं. लिहिणारा गेला, कागद राहिला, आणि त्या माणसांच्या नातवंडांना पोलीस त्याच कागदावरून उचलत राहिले. देश स्वतंत्र झाल्यावर आमची माणसं त्याच वाटेनं गावात गेली. आता योजना आखायच्या होत्या. हेतू चांगला होता.

“पण विचारणारा उभा आणि सांगणारा उकिडवा, हे तेवढं तसंच राहिलं,” सर म्हणायचे.

मी म्हणायचे, “मग बंद करा की हे शास्त्र.”

“मोजलं नाही तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच खरं होतं. तुझं पत्रक तरी कशाच्या जोरावर लिहिशील?”

 

आता त्या गावाचं सांगते. गाव सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढं. नाव लिहीत नाही, कारण त्या गावाचं नाव एकदा लिहिलं गेलं तेवढं पुरे आहे. सर तरुण प्राध्यापक असताना विद्यार्थी घेऊन तिथं गेले होते आणि अभ्यासाचं छोटं पुस्तक काढलं होतं. पन्नास वर्षांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करायची, काय बदललं ते बघायचं, हे त्यांचं शेवटचं काम. ग्रामपंचायतीत बैठक ठेवली. सर दोन शब्द बोलले. मी फॉर्मचा गठ्ठा सोडला.

तेवढ्यात सुनंदाताई उठल्या. त्या पंचायतीच्या सदस्य, घर आणि शेळ्या सांभाळत बाहेरून बी.ए. केलेल्या. हातात परीक्षेचं गाईड होतं, पान दुमडलेलं. त्यांनी वाचून दाखवलं. त्यात आमच्या सरांच्या पुस्तकाचा दाखला देऊन, गावाच्या नावासकट छापलं होतं की इथले बहुतेक पुरुष काहीच काम करत नाहीत, दिवस पारावर बसून काढतात आणि दुष्काळी भागातल्या आळसाचा हा नमुना आहे. खाली प्रश्न होता, कारणे द्या.

“मी ह्या प्रश्नाचं उत्तर परीक्षेत लिवलंय, सर,” सुनंदाताई म्हणाल्या. “सासरं मुंबईत पोती उचलून पाठीचा कणा वाकलेलं. आन मी लिवलं, आळस. मार्क पडावं म्हणून.”

कोपऱ्यात त्यांचे सासरे बसले होते. तुकाराम बापू. जन्मभर मुंबईच्या धान्यबाजारात माथाडी. ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, नातीनं मला इचारलं, आजा, तुमी नुसतं बसूनच हुता का. हे मिटल्याबिगर एक बी फारम भरला जायाचा न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमचं शास्तर.”

सरांनी मला फॉर्मचा गठ्ठा पुन्हा बांधायला सांगितलं. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कपाटामागची पत्र्याची पेटी काढायला लावली. पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे फॉर्म तिच्यात होते, सुतळीनं बांधलेले, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आम्ही दोघं जमिनीवर बसून वाचत होतो. फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या सात दिवसांत कोणते काम केले? पुरुषांच्या पुढं ओळीनं एकच उत्तर, काही नाही. काही नाही. काही नाही. मी तारखा बघितल्या. सगळ्या चैत्रातल्या, एकाच आठवड्यातल्या.

“सर, त्या गावाची जत्रा कधी असते?”

“याच आठवड्यात,” सर म्हणाले आणि त्यांनी हातातला कागद खाली ठेवला.

चूक आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचेल अशी होती. माणमधले पुरुष वर्षभर मुंबईत. मग सगळं कुटुंब एका जागी सापडणार कधी? जत्रेला. सरांनी मुद्दाम हिशेब करून जत्रेचा आठवडा निवडला होता. एकही माणूस यादीतून सुटू नये म्हणून. आणि वर्षभर पाठीवर ओझं वाहून आठ दिवस गावच्या देवाला आलेल्या माणसाला विचारलं, गेल्या सात दिवसांत काय केलंस. त्यानं खरं सांगितलं. पालखी केली, कुस्त्या बघितल्या, मटण खाल्लं, पारावर बसलो. विद्यार्थ्यानं लिहिलं, काही नाही. पुढं शेऱ्यात बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं, मुंबईला हमाली करतो, जत्रेस आला आहे. जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर होतं. शेरा कुणी मोजला नाही. सरांनी पुस्तकात फक्त आकडा दिला होता. त्या आकड्याला आळस हे नाव पुढच्यांनी ठेवलं, एकानं दुसऱ्याचं बघून. पण आकडा सरांचाच.

मी पत्रकवाली. मी म्हटलं, “सर, हे तुम्ही गावासमोर कबूल केलं पाहिजे.” जरा कठोरच बोलले. त्यांच्या वयाचा माणूस पेटीपुढं मांडी घालून बसलाय, हेही मला दिसलं नाही.

“माझा तोच विचार होता,” ते म्हणाले. “तू बोलली नसतीस तर कदाचित उद्यावर ढकलला असता.”

पुढच्या बैठकीत सरांनी खुर्ची घेतली नाही. उभं राहून, काही न लपवता, चूक कशी झाली ते सांगितलं. कागद दाखवले. लोक ऐकत होते. शेवटी बापू म्हणाले, “आमाला लय वर्सं इचारलंत. आता आमी इचारतो. बसा खाली. सुनंदा, फारम घे गं.”

सर सतरंजीवर बसले. बापूंनी विचारलं, सुनंदाताईंनी लिहिलं.

“नाव?”

सरांनी सांगितलं.

“घरात मानसं किती?”

“मी एकटा. पत्नी गेली. मुलगा परदेशी.”

“सैपाक कोन करतं?”

“सकाळी बाई येतात. संध्याकाळी मी भात लावतो.”

“लागतो का?”

“कधी कधी.”

हशा झाला. बापू हसले नाहीत.

“गेल्या सात दिसांत काय काम केलं?”

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. आठवडाभर ते तापानं अंथरुणात होते, मला माहीत होतं. त्यांनी खरं तेच सांगितलं. “काही नाही.”

“लिव गं,” बापू म्हणाले. “काय न्हाई.”

कुणीतरी मागून म्हणालं, “आजारी हुतं म्हणं मास्तर, ते बी लिवा की.” बापू वळले. “तेला जागा कुटं हाय फारमात?” मग सरांकडं बघून, आवाज उतरवून म्हणाले, “कसं वाटलं?”

“तुम्हाला पन्नास वर्षं जसं वाटलं, त्याची सुरुवात झाली,” सर म्हणाले.

यानंतर सरांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. बापूंच्याच घरचा. बापू तेव्हा बावीस वर्षांचे. सर नावं वाचत गेले. बापूंचं, दोन भावांचं, आणि मग आईचं. सोनाबाई. बापूंनी हात पुढं केला. कागदावर ते नाव बघत राहिले. वाचायला त्यांना येत होतं, सावकाश.

“आईचं नाव कुटंच न्हाई,” ते म्हणाले. “सातबाऱ्यावर न्हाई. मेल्याचा दाखला काडलाच न्हाई. हितंच हाय व्हय ते?”

सर म्हणाले, मूळ कागद द्यायला मला परवानगी नाही, पण नक्कल तुमची. बापूंनी नक्कल घडी घालून टोपीत ठेवली.

गाव तयार झालं, अटींवर. अटी बापूंनी घातल्या आणि मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही तज्ज्ञानं याहून चांगल्या घातल्या नाहीत. जत्रेत यायचं नाही. वर्षातनं तीनदा यायचं, पेरणीला, भादव्यात आणि सुगी झाल्यावर. जो मुंबईत आहे त्याला मुंबईत जाऊन विचारायचं. सुनंदाताईंनी एक जोडली. “आन बायकांना काम करता का आसं इचारू नका. त्या न्हाई म्हंतील. पहाटंपास्नं काय काय केलं, ते इचारा.”

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. नवी मुंबईत, वाशीच्या धान्यबाजारात मी पाठीवर पोतं घेतलेल्या माणसांच्या मागं चालत प्रश्न विचारले. पोतं टाकून परत येईपर्यंतचा वेळ माझा. एकानं दहा खेपांत एक फॉर्म पुरा केला आणि म्हणाला, “आमच्या गावात गेलीस तर आईला सांग, बारीक झालो न्हाई.” माणच्या माळावर बायकांच्या मागं शेळ्यांमधनं फिरले. एका बाईची पहाटेपासूनची कामं लिहिता लिहिता पान भरलं. ती म्हणाली, “एवडं मी करते? वाच बरं परत.” मी वाचलं. ती पदरात तोंड घालून हसायला लागली आणि मग हसायची थांबली. भाकरी, झुणका आणि उन्हानं तापलेलं हंड्यातलं पाणी, हे तेव्हाचं जेवण. आता हॉटेलात बसून काही खाल्लं तरी तशी भूक लागत नाही.

अहवाल छापण्याआधी सरांनी तो पंचायतीत वाचून दाखवला. लोकांनी तीन ठिकाणी हरकत घेतली. दोन दुरुस्त केल्या. तिसरी सरांना पटली नाही, तेव्हा गावाचं म्हणणं शेजारी तसंच छापलं. आणि पहिल्याच पानावर, जुना आकडा कसा आणि कुणामुळं चुकला, ते सरांनी स्वतःच्या नावानिशी लिहिलं.

अहवाल किती जणांनी वाचला? मला विचारू नका, तोंडाला येईल ते बोलेन. गाईड काढणाऱ्यांना आम्ही पाच पत्रं घातली, मी दोनदा जाऊन भांडून आले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, एका गावासाठी कोण बघतंय? पुढच्या आवृत्तीत बघू.” मधल्या काळात केंद्र बंद पडलं. आता पाहणी कंपन्या करतात. टॅबलेटवर. ठरल्या मिनिटांत फॉर्म पुरा झाला नाही तर पडदा लाल होतो, आणि शेरा नावाचा रकानाच नाही. मोजायचाच नाही तर ठेवायचा कशाला, असं ते टॅबलेट घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या साहेबांनी मला तोंडावर सांगितलं. मी पुन्हा चळवळीत आहे, पत्रकं लिहिते. आता पहिल्या ओळीत राग येत नाही. पहिल्या ओळीत कुणाचं तरी सांगणं येतं, राग मागनं येतो. सर वाईला घरीच असतात, फारसे हिंडत नाहीत. मला मात्र त्या दोन खोल्या आठवतात, सुतळीचा वास आठवतो, आणि फॉर्म पुढं सरकवण्याआधी सर विचारायचे तो प्रश्न. “ऐकलंस, की लिहिलंस?”

गेल्या उन्हाळ्यात गाईडची नवी आवृत्ती आली. मी दुकानात उभ्या उभ्या पान काढलं. आळसाचं वाक्य गेलं होतं. दुरुस्ती नव्हती, आमचा अहवाल नव्हता, मुंबई नव्हती, शेळ्या नव्हत्या. तो परिच्छेदच काढून टाकला होता. गावाचं नावही. त्या जागी दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातलं गाव होतं. सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “बापूंना प्रत्यक्ष जाऊन सांग. पत्रानं कळवू नकोस. आणि ते काय म्हणतात ते मला कळव.”

मी गेले. सकाळची वेळ. बापू अंगणात काठीला नवी दोरी बांधत होते. शेळ्या दावणीला ओरडत होत्या, सुनंदाताई आत भाकरी थापत होत्या. मी पुस्तक उघडून दाखवलं. कुठलं वाक्य होतं, आता काय आहे, सगळं सांगितलं.

बापूंनी पान बघितलं. “म्हंजी आता आमी बसलेलं बी न्हाई,” ते म्हणाले, “आन उटलेलं बी न्हाई.”

“बापू, मी भांडते अजून. सोडत नाही.”

“भांड की. तुला येतंय ते.” त्यांनी दावं सोडलं. शेळ्या दाराबाहेर धावल्या. आतनं सुनंदाताई ओरडल्या, “आवं, भाकरी तरी खाऊन जावा.” बापूंनी हातानंच नको म्हटलं आणि काठी उचलली. पाठ वाकलेली, पण चाल झपाट्याची. मला मागं मागं पळावं लागलं.

“बापू, थांबा की. सर वाट बघतायत. तुम्ही काय म्हणालात म्हणून विचारतील. काय सांगू?”

ते थांबले नाहीत. माळाकडं तोंड करून, चालता चालताच म्हणाले, “सांग, घरी गावला न्हाई. कामावर गेला हुता.”